तांबडा दोरा येईपर्यंत

माझी भाची रफू करते. तिला विचारलं तर एवढ्यात तिची सगळी ओळख झाली. पण लोकांना एवढ्यावर समजत नाही, आणि मलाही चाळीस वर्षं समजलं नव्हतं. मी चार इयत्ता शिकलेली बाई, लिहायला बसले की अक्षरं रांग सोडतात. तरी लिहिते, कारण यातली मोठी चूक माझी आहे, आणि दुसऱ्या कुणी लिहिली तर तो ती गोड करून लिहील.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायचे. भोकावर एकेक उभा धागा ताणायचा, मग त्यातून वरखाली करत आडवा धागा घालायचा. म्हणजे तेवढं कापड नव्यानं विणायचंच. झाल्यावर भोक कुठे होतं ते मालकालासुद्धा सापडता कामा नये. नखाएवढ्या भोकाला अर्धा दिवस लागतो आणि वाटेत एक धागा चुकला तर पहिल्यापासून मोजायचं.

भाची हे काम कपडे धुण्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत करायची. उत्तरेची खिडकी, एक टेबल, दांडीवर बसवलेलं भिंग. दाराला म्हाताऱ्या मालकांनी आतून जुनी घोंगडी ठोकली होती, पुढच्या यंत्रांची घरघर आत येऊ नये म्हणून. फाटका कपडा कुणी स्टुलावर ठेवून जायचं. सुई चालू असेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा त्या दुकानाचा नियम. एकदा एक गिऱ्हाईक मागे डोकावून म्हणालं, "बाई, जिवंत आहात ना?" मालक म्हणाले, "आहेत. तुमच्या कोटात आहेत. संध्याकाळी बाहेर येतील."

लहानपणी तिला सगळे घुमी म्हणत. हाक मारा, ओ नाही. माझ्या वहिनीनं हाय खाऊन तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे घंटी वाजवली, पोरगी ढिम्म. ते कागदावर काहीतरी वाईट लिहायला लागले, एवढ्यात पलीकडच्या खोलीत नर्सनं पट्टीसाठी कापड टर्रकन फाडलं. घुमी गर्रकन वळली आणि म्हणाली, "आडवं फाडलं." डॉक्टरांनी कागद चुरगळला. कान शाबूत होते. पुढे काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

भाऊ-वहिनी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. लेक सासरी गेल्यापासून मी एकटी, ती एकटी. माझी पक्की समजूत होती की एकटं बसलेलं माणूस दुःखी असतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती घरी सुई घेऊन बसली की मी तासातासाला चहा घेऊन जायची आणि प्रेमानं तिच्या खांद्यावर हात ठेवायची. ती दर वेळी दचकायची. चहाचा कप तसाच गार व्हायचा.

एकदा म्हणाली, "आत्या, तू मला दर तासाला झोपेतून उठवतेस."

"अगं, जागीच तर असतेस!"

"नसते," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या धाग्यापासून मोजायला लागली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, माया करायची सोय नाही या घरात.

मग म्हाताऱ्या मालकांचे गुडघे गेले आणि दुकान त्यांच्या सुनेकडे आलं. सून वाईट नव्हती. उलट भारी कळवळ्याची. शेचाळीस वर्षांची बाई घोंगडीच्या दारामागे दिवस काढते हे तिला बघवेना. "ताई, तुम्ही माणसांत आलं पाहिजे," असं म्हणून तिनं भाचीला पुढच्या काउंटरवर बसवलं. रफू गिऱ्हाइकं नसतील तेव्हा, तिथेच. शेजारी रेडिओ लावला, करमणूक म्हणून. मागच्या खोलीत हँगरची खोकी भरली. मला कळलं तेव्हा मी तर सुनेला मनातल्या मनात दुवा दिला!

तीन महिने भाची पुढे बसली. "या, बसा, पावती आहे का," एवढं ती पाठ करून म्हणायची आणि वर एक हसू लावायची. ते हसू घरी येईपर्यंत तोंडावर तसंच राहायचं, काढायचं विसरल्यासारखं. आल्यावर ती कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसायची. पहिल्या महिन्यात जेवण कमी झालं, दुसऱ्यात झोप. तिसऱ्यात एका सकाळी ती बोलेचना. रुसली म्हणावं तर तसं नव्हतं. तोंड उघडायची, शब्द यायचा नाही, पुन्हा मिटायची.

डॉक्टर म्हणाले, "थकवा आहे. पूर्ण विश्रांती द्या, कामाचं नाव नको."

आता माझी चूक. कामाचं नाव नको म्हटल्यावर मी तिचा सुयांचा डबा, भिंग, धाग्यांच्या लडी, सगळं बॅगेत भरून कपाटावर चढवलं. तिला सोफ्यावर बसवलं, टीव्ही लावला, उशा दिल्या, आणि शेजारी बसून बोलत राहिले. विश्रांती कशी द्यायची हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तीन आठवड्यांत ती चिपाड झाली. सोफ्यावर बसून चादरीच्या कडेचे धागे उपसायची. मी हातातून चादर सोडवायची, ती दुसरं टोक धरायची. तेवढ्यात सुनेचा फोन आला. आवाज अगदी कोमल. "आजी, ताईंची घाई नाही. पण काम तुंबलंय. महिनाअखेरपर्यंत आल्या तर काउंटर त्यांचाच. नाहीतर मला दुसरी कुणी बघावी लागेल, आणि रफूचं काम बाहेर पाठवीन." भाची समोरच बसली होती. तिनं ऐकलं. चादरीचा धागा बोटाला इतका आवळला की बोट पांढरं पडलं. रफू गेलं तर हिच्यात काय उरेल, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आला.

माझी नात इस्पितळात नर्स आहे. ती आली, तिनं चादर बघितली, कपाटावरची बॅग बघितली.

"आजी, हे वर कुणी ठेवलं?"

"मीच. विश्रांती सांगितलीय."

"तुला कुणी विश्रांती म्हणून महिनाभर बोलायचं नाही असं सांगितलं तर?"

"मी आजारी पडेन."

"मग?"

मी उठून चादर सारखी करायला लागले. 

नातीनं मला एक शब्द सांगितला, स्वमग्नता. म्हणाली, काही माणसांचं लक्ष असंच असतं. चार ठिकाणी वाटता येत नाही, एका ठिकाणी पूर्ण उतरतं. तिथून ओढून काढलं की त्रास होतो, आणि चार ठिकाणी ठेवायला लावलं की आणखी. काउंटरवर तेच झालं. मोठी माणसंसुद्धा अशी असतात, कुणी ओळखत नाही इतकंच. मी म्हटलं, शब्द चुकलाय. स्वतःत मग्न म्हणे! मी हिला जन्मापासून बघतेय, ही स्वतःत कधीच नव्हती. ही कोटात होती.

नात हसली. "मग तिला कोटात जाऊ दे."

बॅग खाली आली. भाचीनं डबा उघडला, सुया मोजल्या, आणि जी चादर तीन आठवडे उसवली तीच विणायला घेतली. मी चहा घेऊन निघाले होते, दारातून परत फिरले. तिसऱ्या दिवशी तिचे शब्द आले. "आत्या, भिंगाला तेलकट बोट लागलंय तुझं," हे पहिलं वाक्य. मला रडू आलं आणि मी भिंग पुसलं.

पण सुख असं सरळ मिळत नाही. पाचव्या दिवशी ती सहा तास चादरीत होती. पाणी नाही, खाणं नाही, उठणं नाही. उठली आणि तिथेच भोवळ येऊन पडली. नात म्हणाली, "आत गेली की तहान-भूकसुद्धा तिला हाक मारते ती ऐकू जात नाही. तिला थांबणं हवंय, पण हिसका नको." घड्याळाचा गजर लावून बघितला. भाचीनं घड्याळ बादलीत बुडवलं. रागानं नव्हे, नुसतं, आवाज थांबावा म्हणून.

मी दोन दिवस डोकं खाजवलं. मला पुस्तकातलं कळत नाही, पण धावदोरा येतो, तिला तो मीच शिकवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, ती बसण्याआधी, मी तिच्या कामात, चादरीच्या उसवलेल्या जागेत आडवा, एक तांबडा दोरा घातला. ती तासा-सव्वा तासात जिथवर पोचेल असं वाटलं, तिथे. कच्चा, ओढला की निघणारा. बाहेरून हाक मारायची नाही, हाक कापडातच ठेवून द्यायची. ती काम करत तिथवर आली, दोरा ओढून काढला, उठली. "तांबडा आला," म्हणाली. पाणी प्यायली, न्हाणीघरात जाऊन आली, सफरचंद खाल्लं आणि बसली. दचकली नाही. कितवा धागा तेही विसरली नाही.

महिनाअखेरीला आम्ही दुकानात गेलो. सून लगबगीनं उठली. "या ताई! बसा, चहा सांगू?" रेडिओ चालू होता. भाचीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. काउंटरवर एक करडा कोट पडला होता, बाहेरून रफू करून आलेला आणि गिऱ्हाइकानं परत आणलेला. ती तो घेऊन उजेडात गेली.

"वीण उलटी," म्हणाली. "कापडाची रेघ डावीकडे चढते, यानं उजवीकडे चढवली."

"आम्हाला तर काहीतरी खटकतंय एवढंच कळत होतं," सून म्हणाली. "ताई, पण आधी आपण जरा बोलू या का?"

ताई मागच्या खोलीत पोचल्या होत्या. हँगरच्या खोक्यांमधून वाट काढून तिनं खिडकीजवळचं खोकं ओढलं, त्यावर बसली, कोट मांडीवर घेऊन चुकीची वीण उसवली. मी पिशवीतून तांबडं रीळ काढलं, भोकात एक दोरा घातला आणि बाजूला झाले. तिची सुई सुरू झाली.

सून दारात उभी. पाच मिनिटांत तिचा धीर सुटला. "ताई..." म्हणत तिनं भाचीच्या खांद्याकडे हात नेला, अगदी माझ्यासारखाच, मायेनं. मी तिचं मनगट धरलं.

"आजी, अहो, मला फक्त विचारायचंय, की त्या काउंटरवर..."

"तांबडा येऊ दे."

"म्हणजे किती वेळ?"

"सव्वा तास. इथून हल, पोरी. रेडिओ बंद कर जाताना."

आम्ही दोघी पुढे बसलो. सव्वा तास म्हणजे काय ते मला तिथे कळलं. सुनेनं तीन गिऱ्हाइकं केली, चारदा दाराकडे बघितलं. माझा जीव टांगणीला, कारण मनगट धरलेलं बायका विसरत नाहीत.

मग भाची बाहेर आली. बोटाला तांबडा दोरा गुंडाळलेला. "पाणी," म्हणाली. प्यायली आणि कोट काउंटरवर ठेवला. अर्धं भोक भरलं होतं, म्हणजे अर्धं दिसत होतं आणि अर्धं कुठे होतं ते सापडत नव्हतं. सुनेनं बोट फिरवलं, उजेडात धरलं, पुन्हा बोट फिरवलं.

"मी पुढे बसणार नाही," भाची म्हणाली. "दार लावायचं. खोकी काढायची."

"आणि मला काही विचारायचं असलं तर?"

"चिठ्ठी ठेव. तांबड्याला वाचेन."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे. शेवटी तिनं बाह्या सरसावल्या. "आजी, ते वरचं खोकं धरता का जरा?"

आता तांबडे दोरे सून घालते. वाकडे घालते, भाची ते आधी सरळ करून घेते. आणि सुट्टीच्या दिवशी घरी माझ्याकडे ते काम. परवा ती खिडकीशी बसली होती, आणि मला एकदम काहीतरी महत्त्वाचं सांगायचं आठवलं. तोंडावर हात ठेवून तासभर बसले. ती उठली, पाणी प्यायली.

"बोल."

"विसरले गं."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं तांबडं रीळ घेऊन पुढचा दोरा कुठे घालायचा ते बोटानं दाखवलं.