गमतीची शेपटी

शिवी एक वेळ पचते. टोमणाही पचतो. पण टोमणा मारून वर 'गंमत केली हो' म्हणणारा माणूस काही केल्या पचत नाही. धाकट्या जावयांच्या पोटात असा एक माणूस लग्नापासून तसाच पडून होता. ते म्हणजे त्यांचे साडू, थोरले जावई.

थोरल्यांचं नळांचं आणि शॉवरचं भलंमोठं दुकान. बोलणंही दुकानाला शोभेल असं, जरा चावी फिरवली की धो धो. धाकटे प्रोग्रामर. संगणकाशी दिवसभर बोलायचे, माणसांच्या वाट्याला फारसं काही उरायचं नाही. सासऱ्यांच्या घरी सगळे जेवायला बसले की थोरले म्हणायचे, "आमचे साडू फार गुणी! घरात आहेत की नाहीत हे बायकोलाही हाक मारून बघावं लागतं. गंमत केली हो!" सगळे हसायचे. रागवावं तर 'एवढीशी गंमत कळत नाही', न रागवावं तर घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

मग धाकट्यांची कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळेपर्यंत बायको दवाखान्यात कामाला जायची आणि हे स्वयंपाक करायचे. बरा करायचे, खोटं कशाला बोला! पण थोरल्यांना आयताच विषय मिळाला. एका सकाळी घरच्या ग्रुपवर निरोप आला: "धाकट्या जावयांना बढती! प्रोग्रामरचे आता पूर्णवेळ आचारी झाले. पगार म्हणून दोन वेळचं जेवण. गंमत केली हो!"

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक चेहरा बायकोचा होता.

तो जिव्हारी लागला. बाकी जग हसलं असतं तर हसू दे म्हणाले असते, पण ती? धाकटे तिला काही बोलले नाहीत. कुकर लावला, हात पुसले आणि संगणकापुढे बसले.

थोरल्यांचं विष वाक्याच्या सुरुवातीला असायचं आणि ढाल नेहमी शेवटी. शेवट काढून घेतला तर? प्रोग्रामिंगमध्ये एक साधी सोय असते. हे वाक्य अमुक शब्दांनी संपतं का, एवढंच संगणकाला विचारायचं. तो शेपटाकडची अक्षरं जुळवून बघतो आणि हो की नाही ते सांगतो. ग्रुपवर वाढदिवसांची आठवण करून देणारा एक प्रोग्राम धाकट्यांनीच पूर्वी बसवला होता. त्यालाच त्यांनी नवं काम लावलं. निरोप 'गंमत केली हो'ने संपला, की ती शेपटी छाटायची आणि उरलेलं वाक्य बोलणाऱ्याच्या नावानिशी पुन्हा ग्रुपवर टाकायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी थोरले ग्रुपवर आलेच: "काय आचारी, आज काय शिजतंय? गंमत केली हो!" धाकटे श्वास रोखून बसले. प्रोग्राम ढिम्म. शोधता शोधता कळलं, की थोरल्यांनी शेवटी डोळा मारणारा एक चेहरा चिकटवला होता. माणसांच्या लेखी वाक्य 'हो'वर संपलं होतं, संगणकाच्या लेखी ते डोळा मारून संपलं होतं.

"सूड उगवायलाही नीट नजर लागते बाबा," धाकटे पुटपुटले. आधी शेवटचे चेहरे, चिन्हं, मोकळ्या जागा झाडून टाकायच्या आणि मगच शेपटी तपासायची, अशी त्यांनी दुरुस्ती केली.

सुट्टीच्या दुपारी थोरल्यांनी लिहिलं, "सासूबाई, धाकट्यांना डबा पाठवत जा. बायकोच्या जिवावर जगणाऱ्याची भूक मोठी असते. गंमत केली हो!"

लगेच खाली उमटलं: "थोरले जावई म्हणतात: सासूबाई, धाकट्यांना डबा पाठवत जा. बायकोच्या जिवावर जगणाऱ्याची भूक मोठी असते."

कुणीतरी घाईने हसलं होतं, त्याने हसू मागे घेतलं.

थोरले गडबडले. "अरे, हे काय? पुढचं कुठे गेलं? मी गंमत केली हो!"

प्रोग्राम इमानदार. "थोरले जावई म्हणतात: अरे, हे काय? पुढचं कुठे गेलं? मी"

आतल्या खोलीतून बायको फोन घेऊन बाहेर आली. "हा तुझा उद्योग?"

"हो."

"आणि त्या दिवशी मी हसले, त्याचं काय करणार आहेस?"

धाकट्यांनी आपला फोन उपडा ठेवला.

"नसते हसले तर ताई म्हणाली असती, झोंबलं वाटतं! म्हणून हसले. चुकलं माझं." ती शेजारी बसली. "हे फक्त भावोजींनाच पकडतं?"

"नाही. कोण बोलतंय ते बघतच नाही. शेवट तेवढा बघतं."

"म्हणजे कुणीही?"

"कुणीही."

तिने पदर खोचावा तशा ओढणीच्या गाठी मारल्या आणि भराभर टाइप केलं, शेवटी 'गंमत केली हो'ची शेपटी लावून. क्षणात ग्रुपवर आलं: "धाकटी म्हणते: भावोजींनी घरचं काम म्हणून बसवून दिलेले आमचे सगळे नळ गळतात. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल नातेवाइकांच्या गळ्यात मारतात, असं ऐकलं."

एरवी फक्त फुलांची चित्रं पाठवणाऱ्या सासूबाई जाग्या झाल्या. "सासूबाई म्हणतात: आमचाही गळतो. खाली बादली ठेवलीय."

मग खुद्द ताईचा, थोरल्यांच्या बायकोचा निरोप आला. "आमच्याच बाथरूमचा गळतोय. सांगून सांगून जीभ झिजली." तिने शेपटी लावलीच नव्हती. प्रोग्रामला छाटायला काही उरलं नाही.

थोरल्यांच्या नावाखाली 'लिहीत आहेत' असं दिसायला लागलं. मिटलं. पुन्हा दिसलं. पुन्हा मिटलं. नवरा-बायको डोक्याला डोकं लावून बघत राहिले.

"काढून टाकू आता प्रोग्राम?" धाकट्यांनी विचारलं. आवाजात दया अशी नव्हतीच, विचारायचं म्हणून विचारलं.

"वेडा आहेस का?" बायको म्हणाली. "त्यांना आधी लिहू तर दे!"