पुढे पळवायचं बटण

माझ्या दादाची मुलगी सायली. तिने दहा मिनिटांचा एक गेम बनवलाय. आजारी वडिलांच्या उशाशी बसायचं, त्यांनी मागितलं की चमच्याने पाणी पाजायचं. बस्स, एवढंच. गेमच्या पानावर खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचले आणि माझं डोकंच फिरलं. "कंटाळवाणं. पुढे पळवायचं बटण द्या." अरे, तिथे माणूस जातोय आणि तुम्हाला घाई कसली? आजारपणसुद्धा झटपट उरकायला हवं यांना! तणतणत उत्तर लिहायला बसलो.

"राहू दे काका," सायली म्हणाली. "तू खेळलास का?"

खेळायला घेतला. चौथ्याच मिनिटाला माझी नजर घड्याळाकडे गेली. दादाच्या उशाशीही मी असाच घड्याळ बघत बसायचो, आणि पाणी पाजायला सायली उठायची.