कुळथाचा ढोल

राही लहान होती तेव्हा ढोल म्हणजे कुळीथ ठेवायची जागा, एवढंच तिला ठाऊक होतं. घराच्या माळ्यावर ते लाकडी पोकळ खोड उभं असायचं. एका तोंडाला फळी ठोकलेली, दुसऱ्यावर गोणपाट बांधलेलं. भात कापून झालं की अख्खी बौद्धवाडी बियाण्यासाठी त्याच ढोलाकडे यायची आणि पीक आलं की जो तो आपापला वाटा आणून ओतायचा. भिवाच्या ढोलातला कुळीथ किडत नाही, असं लोक म्हणायचे. कुळथाला राख चोळायची राहीची आई, सीता. नाव व्हायचं आबांचं, म्हणजे भिवाचं.

ढोलाच्या काठाला ओळीनं भोकं कशाला, असं तिनं एकदा आईला विचारलं होतं. "वाद्या ओवायची ती," आई म्हणाली. "फुडचं तुज्या बापाला इचार." आणि बापाला विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. लांज्याहून आत असलेल्या त्यांच्या गावात शिमग्याची पालखी निघायची ती याच वाडीच्या बाजावर. वाजवणाऱ्यांनी पालखीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालायचं, देवाला पाठ दाखवायची नाही. आणि पालखी एखाद्याच्या दारात टेकली की यांनी अंगणाबाहेर उभं राहायचं. छप्पन सालानंतर वाडीनं बौद्ध धम्म घेतला. तेव्हा भिवानं घराघरातले ढोल मागवले, सगळ्यांच्या देखत कोयत्यानं त्यांची कातडी फाडली आणि सांगितलं, यापुढं ज्याच्या हातून बाजा वाजेल त्याच्या दारात वाडी दोन वर्षं बसणार नाही. त्या शिमग्याला पालखी मुकी गेली. गावानं वाडीला कामावर बोलावणं बंद केलं. पावसाळाभर लोकांनी रानातले कणगरांचे कंद उकरून खाल्ले. राहीच्या आधीचा एक मुलगा त्याच पावसात गेला. तापानं गेला, असं आबा सांगत. आई काहीच सांगत नसे.

अशा घरातली राही बी.ए. झाली आणि रत्नागिरीतल्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली. चौऱ्याऐंशी साली विद्यापीठानं तिथल्या कॉलेजात रविवारचा एक प्रमाणपत्र वर्ग सुरू केला. भूगोल, इतिहास आणि लोकभाषा यांची सांगड घालून कोकणाचा प्रदेश आणि संस्कृती शिकवायची, असा तो वर्षाचा वर्ग होता. नोकरीत कायम होताना हा कागद कामाला येईल असं हेडमास्तर म्हणाले म्हणून तिनं नाव घातलं. पण दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच ती त्या अभ्यासाच्या नादी लागली. कातळात पाणी का ठरत नाही हे भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा शिमग्यानंतर आईची घागर रोज थोडी उशिरा घरी का येते, हे तिला पहिल्यांदा उमगलं. आपलं गाव पुस्तकात बसू शकतं, हे तोवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

निम्मे गुण प्रकल्पाला होते. राहीनं विषय योजला होता तो गावातल्या पाणवठ्यांचा, कुठल्या विहिरीवर कोण भरतं त्याचा. लोकभाषेचे मुळ्ये सर कळकळीचे माणूस. ते म्हणाले, "पाणवठे कुणीही लिहील हो. तुमच्या घरात सोनं आहे आणि तुम्ही विहिरी मोजत बसणार? पालखीच्या बाजाच्या जुन्या चाली तुमच्या वडलांच्या हातात आहेत ना? ते गेले की चाली गेल्या. विभागाचा टेपरेकॉर्डर घेऊन जा."

आपल्या घरात सोनं आहे, हे वाक्य राहीनं खोलीवर जाईपर्यंत मनात घोळवलं. ते सोनं कोयत्यानं फाडून झालं आहे, हे तिनं सरांना सांगितलं नाही. विषय बदलून नाव दिलं आणि मग तो परत बदलता येईना.

दिवाळीच्या सुट्टीत ती टेपरेकॉर्डर घेऊन घरी आली. आबा पडवीत दोरी वळत बसले होते. सत्तरीला आलेले, वाडीच्या बौद्धजन पंचायतीचे अजून अध्यक्ष. कान तेवढे गेले होते. तिनं मोठ्यानं, निम्म्या खुणांनी सगळं सांगितलं.

"ढोलात कुळीथ हाय," आबा म्हणाले आणि दोरी वळायला लागले.

"ढोल नको. डब्यावर वाजवलात तरी चालेल."

"डब्यावर वाजवला म्हंजे हात दुसऱ्याचा व्हतो काय?"

दोन दिवस तिनं विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी खरं तेच सांगितलं. "आबा, हे नाही दिलं तर मी नापास होईन."

आबांनी दोरी खाली ठेवली. हाताचे तळवे बघितले. "नापास व्हायला नाय शिकवली तुला," एवढंच म्हणाले.

दुपारी वाडी गवत कापायला सड्यावर, वरच्या कातळमाळावर गेली होती. आबांनी स्वतः दार लावलं, खिडकी ओढून घेतली, रॉकेलचा रिकामा डबा मांडीशी घेतला. सीता चुलीकडे तोंड करून बसून राहिली. राहीनं बटण दाबलं. "ह्यो पालखी उठतानाचा," आबा म्हणाले आणि बोटं डब्यावर पडली. मग शिवेवरचा, मग दोन पालख्या भेटतानाचा. त्यांचे डोळे मिटले होते आणि बसल्या जागी टाचा मागं सरकत होत्या. राहीला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

"बाय, आलाय काय गो त्यात?" शेवटी त्यांनी विचारलं. "ऐकीव बघू."

तिनं फीत मागं घेऊन लावली. आबा कानाशी हात धरून पुढं झुकले, ऐकू येत नाही अशी खूण केली. राहीनं आवाजाचं बटण पुरतं फिरवलं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं ते तसंच चालू ठेवलं. कौलारू घरातून तो बाजा वाडीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीपर्यंत गेला. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बायका पाखाडीवर उभ्या राहिल्या होत्या, हे तिला दार उघडल्यावर दिसलं.

संध्याकाळी समाजमंदिरात पंचायत बसली. आबा आपल्या खुर्चीवर बसले नाहीत. समोर सतरंजीवर बसले. चिटणीस जानू त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो कानाशी येऊन म्हणाला, "आबा, तुम्ही सांगा डबा पडला म्हणून. आम्ही मानू."

"डबा काय पालखीची चाल धरून पडतो?" आबा म्हणाले.

राही उठली. हे शिक्षणासाठी होतं, पोटासाठी नव्हे, देवासाठी तर नव्हेच, असं ती सांगायला लागली, तर येसूबाईनं तिला हातानं थांबवलं. येसूबाई वाडीतली म्हातारी, विधवा.

"पोटासाठी माजा घोव गेलेला, बाय. त्या उपासाच्या वर्सात परगावी जाऊन वाजवलान आन् पायलीभर भात आणलान. तुज्या बापानं त्याला दोन वर्सं वाळीत टाकलान. मी पाया पडले. तर काय बोल्ला ठाव हाय? 'कारण नको सांगू. हात कुणाचा वाजला, तेवढाच बघायचा.' घोव दुसऱ्या वर्साला मेला. खांद्याला परगावचे चौघे आणले मी." ती आबांच्या कानाशी वाकली. "बोल्लास का नाय रं भिवा?"

"बोल्लो," आबा म्हणाले.

मग जानू राहीला म्हणाला, "ती टेप हितं सगळ्यांसमोर तोडून टाक. मग बघू काय करता येतं ते."

राहीनं पिशवीत हात घातला. फीत हाताला लागलीही होती. आबांनी तिचं मनगट धरलं. "टेप तुटायची नाय. हिच्या घोवाला एक कायदा आन् मला दुसरा, असं नको. माजी दोन वर्सं जायचीच हायेत. तिनं पास तरी व्हावं." आणि लिहिलेलं वाचावं तसं त्यांनी जाहीर केलं की भिवाच्या दारात आजपासून दोन वर्षं कुणी बसायचं नाही, अध्यक्ष जानू.

एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. टेबलापलीकडे तिघं परीक्षक. फीत लागली तशी एकाची बोटं टेबलावर ताल धरायला लागली. "सुंदर," ते म्हणाले. "अजून वाजवतात का हो वडील?"

"नाही," राही म्हणाली.

शेवटची चाल संपली आणि यंत्रातून आबांचा आवाज आला, "बाय, आलाय काय गो त्यात?" मुळ्ये सरांनी हात लांबवून बटण बंद केलं. "पुढचं काही नाही," ते परीक्षकांना म्हणाले. राहीला पहिला वर्ग मिळाला.

पुढच्या दिवाळीला ती प्रमाणपत्र घेऊन घरी गेली. आबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, उजेडाकडे केलं. "ह्यात काय बाजाचं लिवलंय?"

"नाही. नुसतं माझं नाव, आणि वर्ग."

"बरं," ते म्हणाले.

भात कापून झालं होतं, जमीन ओली होती, कुळीथ पेरायची वेळ होती. अंगणात कुणी आलं नव्हतं. समोरच्या वाटेनं लोक लांज्याच्या बाजारातून आणलेलं बियाणं घेऊन शेताकडे जात होते. गेल्या साली कुणी न्यायला आलं नव्हतं, पीक निघाल्यावर कुणी भरायलाही आलं नव्हतं. सीतानं वर्षभरात राख चोळली नव्हती. कुणासाठी चोळायची, म्हणाली.

राही माळ्यावर चढली. गोणपाट सोडून तिनं हात घातला तर कुळथातून पिठाचा धुरळा उठला. दाण्यादाण्याला भोक पडलं होतं आणि काळे टोके किडे तिच्या मनगटावर चढले.

"किडलं," ती वरून ओरडून म्हणाली.

"ओतून टाक," आबा खालून म्हणाले.

ओतून झाल्यावर ढोल खाली घेताना तिचा हात सुटला. लाकूड खांबावर आपटलं. कातडं नसूनही त्यातून एक भरीव आवाज निघाला आणि घरभर राहिला. आबांनाही तो ऐकू गेला. त्या लाकडात दाणे होते म्हणून पंचवीस वर्षं तो निघालाच नव्हता. दोघांनीही आधी दाराकडे बघितलं. मग आबा उठले आणि दार लावून घेतलं.