एकही स्क्रू नसलेला हेडफोन

माझा पंचवीस हजारांचा हेडफोन दोन वर्षांत एका बाजूने मुका झाला. कंपनीच्या सेंटरवर "नवीनच घ्या, सर" असं हसून सांगितलं. संतापून मी सीताबर्डीच्या फुटपाथवर दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढला, हेडफोन उलटापालटा करून पाहिला आणि माझ्याहून जास्त भडकला.

"याले एकबी स्क्रू नाही! सारं चिपकवून टाकलं. दुरुस्तच होऊ नये म्हणून बनवलं, अन् त्याचेच जास्त पैसे! काहून दिले गा?"

"आवाज फार सुरेख होता हो," मी पुटपुटलो.

त्याने गळ्यातला स्वतःचा, जागोजागी टेप गुंडाळलेला स्वस्तातला हेडफोन माझ्या कानांवर चढवला. गाणं खरखरत होतं.

"दोन्ही कानांत वाजून राहिलं ना?" त्याने दरडावून विचारलं.