पलानीच्या लाल टाचण्या

ते भांडण मी माझ्या अळूच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभी राहून ऐकलं. बांधापलीकडे शेजारीण हीवा नवऱ्यावर, पलानीवर कडाडत होती.

"झऱ्यात काय ओतलंस?"

"मासे. आपले वाडवडील अळूच्या पाण्यात मासे पाळायचेच की."

"ते आपले मासे होते! हे तिलापी कुणाचे कोण? झऱ्यावरच्या टाचण्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात, माहीत आहे ना?"

"एवढ्याशा माशांची पोटं ती केवढी असणार गं!"

केवढी, ते वर्षभरात कळलं. टाचणी म्हणजे चतुर किड्याची बारीक बहीण. आमच्या खोऱ्यात ही लाल टाचणी तेवढ्या त्या झऱ्यावर उरली होती, तीही दिसेना.

पलानीनं जाळी लावली, चिखल चिवडला, झरा उपसला. तरी मासे उरलेच. मी अळूचे कंद कुटून केलेली पोई घेऊन जायची तेव्हा म्हणायची, "अरे, माशांनीच तुला पाळलंय!" तो हसायचा. हीवा कधी हसली नाही, आणि एका हिवाळ्यात ती वारली.

वर कड्याच्या खांद्यावर एक डबकं होतं. माशांना तिथं चढता येत नव्हतं, म्हणून थोड्या टाचण्या तगल्या होत्या, हे मागाहून कळलं. मग माथ्यावर बंगले आले, त्यांच्या विहिरी आल्या, आणि डबक्यात झिरपणारं पाणीच तुटलं. तेव्हापासून पलानी रोज सकाळी खालच्या झऱ्याचं पाणी हीवाच्या जुन्या झग्यातून गाळायचा, माशाचं पिल्लू जाऊ नये म्हणून, आणि बादलीनं वर न्यायचा.

"म्हाताऱ्या, तुझे गुडघे कुरकुरतात ते मला इथवर ऐकू येतं."

"म्हणजे तुझे कान शाबूत आहेत, मोमी."

एकदा तो बांधावर टेकला. "आता नुसते लालच दिसतात गं."

लाल ते नर. मादी हिरवट असते.

"लपली असेल. आपल्याला डोळे कुठे उरलेत?"

"लाल तर दिसतात मला."

मी पोईचं भांडं पुढे केलं.

तो गेला तो दुपारच्या झोपेत. त्या सकाळी मी बांधावरून पाहत होते. त्यानं पाणी गाळलं, धापा टाकत वर नेलं, तळ ढवळू नये म्हणून कडेनं हळूहळू ओतलं. खाली आल्यावर मी विचारलं, "मादी दिसली का रे?"

"आज नाही," म्हणाला, आणि बादली पालथी घालून झगा पिळायला बसला.