डांबराखालचा व्हॉल्व्ह

पिठाच्या गिरणीसमोरचा तो व्हॉल्व्ह मी स्वतः आवळला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच.

मी पाणीपुरवठ्यात नोकरी करतो. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, आता विभागाचा प्रमुख आहे. कुठं कार्यक्रमाला गेलो की ओळख करून देणारा 'सेवा', 'नेतृत्व' असे शब्द वापरतो. तेव्हा मी खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं तो 'पाण्याचा दिवस', आणि घरातलं सगळं त्या दिवसाभोवती फिरतं. गोधड्या धुणं, पाहुण्यांना बोलावणं, डोक्यावरून अंघोळ, हळद. मुहूर्त गुरुजी काढून देतात, पण त्याआधी लोक लाइनमनला विचारून घेतात. लाइनमन म्हणजे टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला पाणी सोडणारा माणूस. त्याच्या खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी असते. ती दिसली की बायका नळाखाली भांडी लावतात.

माझ्या हाताखालच्या भागाला जो लाइनमन होता त्याला सगळे चाचा म्हणत. मीही म्हणायचो. वयानं माझ्याहून मोठा, केस मेंदीनं लाल केलेले, अत्तर लावून ड्यूटीवर येणारा, आणि तोंडाचा फटकळ. मुकुंदवाडीच्या पलीकडं, आमच्या लाइनीच्या शेवटच्या टोकाला एक वस्ती आहे, तिथंच त्याचं घर. वस्तीतल्या बायकांशी त्याची रोज जुंपायची.

"चाचा, आज कमी सोडलं व्हय? बादली भरंना."

"अम्मा, मी पाणी बनवत नाय, फकस्त सोडतो. बनवणाऱ्याचा नंबर देऊ का?"

"द्या की. तुमच्यापेक्षा तो तरी वेळंवर येईल!"

भांडण म्हणावं असं त्यात काही नव्हतं. वस्तीत कुणाकडं जेवण असलं की पंगतीत पाणी वाढायचं काम चाचाचंच. पितळी जग घेऊन तो फिरायचा आणि प्रत्येक पेल्याला काही ना काही बोलायचा.

माझ्या पुतणीची हळद आमच्या घरी होती. अर्थात पाण्याच्या दिवशी धरलेली. आमची कॉलनी चढावर, त्यामुळं पाणी येतं पण जोर नसतो. वरच्या टाकीत चढत नाही. मी बायकोला म्हणालो, टँकर सांगून ठेवू. ती म्हणाली, "पाणीखात्यातल्या साहेबाच्या दारात टँकर? व्याही काय म्हणतील? मांडवातच हसतील." एवढंच म्हणाली. दोष तिचा नाही. मला ते लागलं, आणि ते लागणं माझं होतं.

आमच्या कॉलनीला आणि त्या वस्तीला तेव्हा पाणी एकाच लाइनीतून जायचं. वस्तीकडं वळणाऱ्या फाट्यावर, पिठाच्या गिरणीसमोर, जमिनीखाली एक जुना व्हॉल्व्ह होता. तो कायम पूर्ण उघडा असायचा. फूटतूट झाली तरच कुणी हात लावायचं. मी नवा असताना तिथं एकदा दुरुस्ती केली होती, म्हणून मला जागा माहीत. तेव्हाची माणसं निवृत्त झाली. चाचा त्या भागात नंतर आला, त्याला ती जागा माहीत नव्हती. तो व्हॉल्व्ह अर्धा आवळला तर खालच्या वस्तीचं पाणी अडून आमच्या चढावर जोर येणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

हळदीच्या सकाळी मी चाचाकडं चावी मागितली.

"साब, शादी का घर है, चावी कशाला? मी येतो ना."

"नको. तुम्ही टाकीवर थांबा. मी बघतो."

त्यानं चावी दिली. "नवरीला माझा सलाम सांगा," म्हणाला.

व्हॉल्व्ह गंजलेला होता. चावीवर सगळं वजन टाकलं तेव्हा फिरला. अर्ध्याच्या पुढं आवळला. आमच्या घरी टाकी भरून वाहायला लागली. गच्चीवरून पाणी पडताना पाहून व्याही म्हणाले, "वा, साहेब, खात्यात असल्याचा फायदा!" मी हसलो. पाहुणे गेले की संध्याकाळी जाऊन उघडायचा, असं ठरवलं होतं.

संध्याकाळी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लग्न. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गिरणीसमोर रस्ता नव्हताच, म्हणजे जुना नव्हता. काळंकुळकुळीत, गुळगुळीत डांबर. बाजूला रोलर उभा. डांबरीकरणाआधी चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला उचलून घ्यायची असतात, आणि 'तुमचं काही आहे का इथं' हे रस्तेवाले आम्हालाच विचारतात. मलाच विचारलं होतं. काम पुढच्या महिन्यात आहे, तोवर आपलं झाकण उचलून घेऊ, अशा समजुतीत मी 'काही नाही, करा' म्हणालो होतो. ते लवकर आले.

मी तिथं उभा राहिलो. बुटाच्या तळव्यांना डांबराचा गरमपणा लागत होता. त्या क्षणी खोदा म्हणालो असतो तर दोन मजूर पुरले असते. पण नवा रस्ता फोडायचा म्हणजे कारण द्यावं लागणार. व्हॉल्व्ह अर्धा बंद का, कुणी केला, कधी केला. मी घरी आलो. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं.

वस्तीत पाणी कमी झालं. अगदी शेवटच्या घरांना तर नळातून नुसती हवा. तक्रारी आल्या, मग मोर्चा आला, हंडे वाजवत. चाचा टाकीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडत होता, शपथा घेत होता, पण लोकांना दिसत होतं ते एवढंच की चावी याच्या हातात आहे आणि पाणी येत नाही. कुणीतरी म्हणालं, हा टँकरवाल्यांना सामील आहे. दुसऱ्यानं ते उचललं. आठवडाभरात सगळे ते खरंच धरून चालले.

चाचा माझ्याकडं आला. "साब, जुने लोक बोलायचे, इस लाइन पे बीच में कहीं एक व्हॉल्व्ह आहे. तोच बैठला असंल. खोदून बघू या."

मी हो म्हणालो. जागा मी दाखवली. गिरणीच्या बऱ्याच अलीकडं, पानटपरीपाशी. मग दुसरी, शाळेच्या भिंतीजवळ. दोन्ही खड्ड्यांत चाचा स्वतः उतरला. छातीएवढ्या खड्ड्यातून तोंड वर करून म्हणाला, "साब, इथं तर फक्त दगडं निकलते. अजून थोडं खोदलं तर निजामाचा खजिना मिळंल, मग तुम्हालाच अर्धा." भोवतालचे लोक हसले नाहीत. मी हसलो.

व्हॉल्व्ह आवळला ती घाई होती. रस्त्याबद्दल गप्प बसलो तो भित्रेपणा. पण त्या दोन खड्ड्यांना मला आजही शब्द सापडत नाही.

वरिष्ठांनी मला बोलावलं. लोक फार चिडलेत, त्या लाइनमनबद्दल तुमचं मत काय, म्हणाले. मी म्हणालो, "पुरावा काही नाही. पण वातावरण बघता बदली केलेली बरी." वाक्य नेमकं हेच होतं. त्यात खोटं एकही अक्षर नाही.

चाचाला धरणाजवळच्या पंपहाउसवर पाठवलं. त्यानंतर मी झपाटल्यासारखं काम केलं. वस्तीसाठी वेगळी लाइन मंजूर करून घेतली, उन्हात उभा राहून टाकून घेतली. गिरणीसमोरचा तुकडा सोडून ती दुसऱ्या रस्त्यानं नेली, का ते मीच जाणे. पाणी आलं. शेवटच्या घरापर्यंत आलं. वस्तीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. एक म्हातारी माईकवर बोलली, "आधीचा व्हता त्यानं आमचं पाणी खाल्लं. ह्या साहेबांनी दिलं." टाळ्या पडल्या. चाचा गेला आणि पाणी आलं. याहून मोठा पुरावा लोकांना काय हवा होता? तो मीच पुरवला. माझ्या पुढच्या सगळ्या बढत्यांच्या मुळाशी ती लाइन आहे.

यंदा नव्या मोठ्या जलवाहिनीसाठी सगळं शहर खोदलंय. मागच्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एका मुलीनं, नवीनच लागलेली इंजिनिअर आहे, फोनवर फोटो पाठवला. मातीत अर्धवट उघडा पडलेला व्हॉल्व्ह, मागं गिरणीची पाटी. खाली लिहिलं होतं, 'सर, हा नकाशात नाही. अर्ध्याहून जास्त बंद आहे. कुणी केला असेल?' मी उत्तर लिहिलं, 'जुना आहे. भंगारात जमा करा.'

त्या रविवारी मी वस्तीत गेलो. चाचा आता निवृत्त आहे. मेंदी लावणं सोडलंय, केस पांढरे. दाराबाहेर सावलीत त्यानं मोठा माठ ठेवलाय, ओलं फडकं गुंडाळलेला, वर साखळीला बांधलेला पेला. मला पाहून उठला.

"अरे साब! बसा. पहिले पाणी प्या. तुमच्या लाइनीचंच आहे."

मी प्यालो. गार होतं. मी म्हणालो, माठ बरा ठेवलात, गल्लीची सोय झाली.

"गल्लीची कुठं?" तो म्हणाला. "इथले कुणी पीत नाय. रिक्षावाले पितात, फेरीवाले पितात, ज्यांना माहीत नाय ते पितात. त्या साली मोहल्ल्यात एक शादी होती, मी जग घेऊन उठलो, तर एक पोरगा म्हणाला, चाचा, आमचंच पाणी आम्हाला पाजताय का? सगळी पंगत हसली. मी पण हसलो, बात अच्छी थी. तेव्हापासून जग हातात घेतला नाय."

समोरच्या दारातून एका बाईनं डोकावून पाहिलं आणि मला नमस्कार केला. त्याच्याकडं पाहिलं नाही.

तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "चाचा, त्या वेळी..." आणि थांबलो. त्यानं वाट पाहिली. मग म्हणाला, "अजून देऊ का?" मी पेला पुढं केला.

हळदीच्या सकाळी मी चावी का नेली होती, हे त्यानं मला कधीच विचारलं नाही. विसरला असेल, किंवा नसेलही. विसरला असेल असं धरून मी इतकी वर्षं काढली.

निघताना त्याला विचारलं, इकडं पाण्याचा दिवस कधी. "परसों," तो म्हणाला. "सगळे दारात असतात त्या दिवशी. नुसता मेळा लागतो."

तो परवा येऊन गेला. त्यानंतरचेही पाण्याचे दिवस गेले. मी गेलो नाही, हे लिहीत बसलो. पण लिहिलेलं त्या गल्लीत कुणी वाचणार नाही, आणि चाचाला मराठी वाचता येत नाही.

माझ्याकडं एवढं देणं आहे: पाण्याच्या दिवशी, सगळे दारात असताना, त्या गल्लीत उभं राहून मोठ्यानं सांगायचं की चाचानं तुमचं पाणी कधी विकलं नाही, व्हॉल्व्ह मी आवळला होता, आणि माझं नाव घ्यायचं. ते अजून दिलेलं नाही.