विरहाच्या तीन तबकड्या

बायको सोडून गेल्यावर इतक्या आनंदाने दुःखी झालेला माणूस उभ्या मुलुंडात दुसरा झाला नसेल. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा हा माझा मित्र दिवसा कचेरीत कारकुनी करी आणि संध्याकाळी पेटी पुढे ओढून स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली गाणी स्वतःच गाई. ऐकायला मात्र सगळी गल्ली लागे. घरात जे घडेल त्याचं गाणं व्हायचंच. आमटी खारट झाली, गाणं. वहिनी रुसल्या, गाणं. बरं, खिडक्या सताड उघड्या. सकाळी वहिनी नळावर गेल्या की बायका त्यांना आदल्या दिवशीच्या भांडणाचं धृपद म्हणून दाखवत. एकदा तर सासरच्या पाहुणचारावर केलेलं गाणं त्याने वहिनींच्या सख्ख्या भावासमोरच म्हटलं, तेही कौतुकाच्या अपेक्षेने. त्याच भावाबरोबर वहिनी ट्रंक घेऊन भांडुपला निघून गेल्या. काडीमोडाचा कायदा तेव्हा नवा होता. आपल्या ओळखीचा वकील आहे, असं भाऊ जिन्यावरून सगळ्यांना ऐकवून गेला.

शहाण्या माणसाने दुसऱ्याच दिवशी भांडुप गाठून बायकोची समजूत काढली असती. याने टाकाला नवं निब आणलं. संसार मोडल्याची सहा गाणी करायची, त्यांच्या तीन तबकड्या काढायच्या आणि त्या जाड पुठ्ठ्याच्या आल्बममध्ये घालून विकायच्या, असा बेत ठरला. शहरातली एक लहानशी रेकॉर्ड कंपनी तयारही झाली. मग विरहाची तयारी सुरू झाली. गाण्यात घर ओकंबोकं म्हणायचं तर ते तसं दिसायला हवं, म्हणून त्याने सगळं सामान शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलं. कपाट आमच्या बोळात आलं, आणि अंगाने भरलेल्या माझ्या आईला स्वयंपाकघरात जाताना श्वास रोखून धरावा लागू लागला. भरल्या पोटी वरचा षड्ज दुःखी लागत नाही म्हणून आईने पाठवलेलं ताट तो नम्रपणे परत करी, आणि तालीम संपली की खाली येऊन तेच ताट मागून घेई. भांडुपला जाऊन ये, असं मी त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणे, दुसरं कडवं अडलंय, आत्ता जाणं बरं नव्हे. बायकोवर त्याचा जीव होता, याची मला कधी शंका आली नाही. फक्त यमक जुळेपर्यंत तिने थांबावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पाच गाणी झाली आणि वहिनी परत आल्या. रविवारी दुपारी, भावाचं न ऐकता, स्वतःची ट्रंक स्वतः उचलून. मी तेव्हा वरच होतो, जमिनीवर बसलेला, कारण खुर्च्या दुसऱ्यांच्या घरी होत्या. ती रिकामी खोली पाहून वहिनींना वाटलं, नवऱ्याने दुःखाच्या भरात संसार विकून टाकला. त्यांचे डोळे भरून आले. आमचा गायक लगबगीने उठला, त्यांच्या हातातली ट्रंक घेतली आणि उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"एकच गाणं राहिलंय गं," तो म्हणाला. "आत्ता तू आत आलीस तर ते गेलंच."

"कशावर आहे?"

"तू परत येतेस, त्यावर."

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग लिहा सावकाश," म्हणाल्या, आणि ट्रंक उचलून जिना उतरल्या. मी मागोमाग धावलो, पण त्या थांबल्या नाहीत. वर येऊन पाहतो तर हा पेटीपुढे बसून एकच सूर पुन्हा पुन्हा दाबत होता.

ते सहावं गाणं झालंच नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी पाच गाणी गाऊन झाल्यावर त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कंपनीला एक बाजू कोरी सोडायची नव्हती, म्हणून त्याने नुसती पेटी वाजवली. आल्बम निघाला. तो घेऊन भांडुपला जायची त्याची छाती होईना, म्हणून मला पाठवलं. भावाने दारातच वकिलाचं नाव काढलं. वहिनींनी मात्र शेजारून ग्रामोफोन मागवला. पाच बाजू त्यांनी तांदूळ निवडत ऐकल्या. मध्ये एकदा "इथे खोकलेत" एवढंच बोलल्या. मग सहावी बाजू लागली. नुसती पेटी. ती चाचपडत थोडी पुढे जाई, परत येई आणि त्याच एका सुरापाशी घुटमळे. वहिनींचे हात तांदळात तसेच राहिले. सुई शेवटाला जाऊन खरखरू लागली तरी कोणी उठलं नाही.

"शब्द नसले की किती चांगले असतात हो हे, भाऊजी," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली.

आठवड्याभरात वहिनी मुलुंडला आल्या. या वेळी ट्रंक त्यानेच आत नेली. त्यानंतर त्याने एकही गाणं लिहिलं नाही. संध्याकाळी दोघं खिडकीत बसून शेंगा सोलत बोलत असत, आणि त्यातलं अक्षरही खाली ऐकू येत नसे. संसार सावरला, याचा मला मनापासून आनंद झाला. पण गल्ली फार गप्प गप्प झाली. खोटं कशाला बोलू, मला त्याच्या दुःखाशिवाय करमत नसे.